पेला हैदराबादला, ब्रश औरंगाबादला

॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥

कोठी, हैदराबाद
संक्रांतीनंतरचा रविवार, १९५७

तीर्थस्वरूप भगवंतराव दाजी, मुक्काम औरंगाबाद, राज्य मुंबई (नवे), यांच्या चरणी हैदराबादेत मागे उरलेला धाकटा मेहुणा अंबाजी याचा, वाढलेल्या दाढीसकट साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आईचे गुडघे धरले आहेत, आमच्या कुटुंबाला, म्हणजे भामेला, पडसं आहे, नळाचं पाणी आम्ही उठायच्या आत येऊन जातं, आणि माझी हनुवटी कुणाला दाखवण्यासारखी राहिलेली नाही, बाकी क्षेम. तिकडचं क्षेम कळवावं असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुम्ही कळवणार नाही हे मला ठाऊक आहे. काचीगुड्याच्या फलाटावरून तुमची गाडी हलली त्याला अडीच महिने होत आले, आणि एवढ्या दिवसांत तुमच्या हातचं एक कार्ड ह्या घराला लागलेलं नाही. अक्का लिहिते. तिच्या प्रत्येक पत्रात शेवटी 'हे बरे आहेत' एवढं असतं. (सचिवालयात तुमची टिपणं पानंच्या पानं खायची. आता तुमचा सगळा मजकूर तीन शब्दांत मावतो. नव्या राज्यात शाईची टंचाई असावी.) सोबत आईनं तिळगूळ पाठवला आहे, तो घ्यावा. घेतल्यावर गोड बोलायची अट मी घातलेली नाही, तुम्हाला उगाच जड जाईल.

मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. हे पत्र फक्त दाढीच्या फेसाविषयी आहे. चि. उमाजीच्या जावळाविषयी ह्यात एक अक्षर येणार नाही. अक्कानं कळवलं आहे की माघात, वर्ष भरायच्या आत, भाच्याचं जावळ काढायचं ठरलं आहे, आणि त्याला मांडीवर घेऊन बसायला जालन्याच्या नामदेवरावाला सांगितलं आहे. उत्तम. नामदेवराव आमचा चुलतभाऊ, म्हणजे मामा हा शब्द त्यालाही लागू पडतो. सख्खा मामा हयात आहे, धडधाकट आहे, दोन्ही मांड्या शाबूत आहेत, तरी पोराचे पहिले केस चुलत मामाच्या मांडीवर उतरवायचे, ह्यात नव्या राज्याचं काही धोरण असेल. आम्ही पडलो परक्या राज्याचे, आम्हाला काय कळणार. मी त्या विषयावर बोलतच नाही. फेसावर येतो.

अक्का हे पत्र मोठ्यानं वाचणार आणि भिंतीपलीकडचे ऐकणार, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. तुमचं लग्न झालं तेव्हा हैदराबादेत जागा मिळेना, म्हणून तुम्ही चार दिवसांपुरते आमच्या माडीवर राहायला आलात, आणि ते चार दिवस आठ वर्षं चालले. (ह्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, मी नुसतं सांगतो.) दाढीचे वार आपले रविवार आणि बुधवार. चहा झाला की तुम्ही ओट्यावर बैठक मारायचे, पुढ्यात बाबांचा तो दांडीचा जाड पितळी पेला. (बाबांनी तो सिकंदराबादच्या छावणीत, विलायतेला परत निघालेल्या कुणा गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतला होता. स्वतः बाबांनी जन्मात आपल्या हातानं दाढी केली नाही, न्हावी घरी यायचा. मग पेला कशाला घेतला हे त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. स्वस्त होता, एवढंच म्हणायचे.) आधी ब्रश कोमट पाण्यात भिजत पडायचा आणि तेवढ्यात तुम्ही सचिवालयातली एखादी भानगड काढायचे. ब्रश भिजला आणि भानगड रंगात आली की तुम्ही ब्रश झटकून साबणाच्या वडीवर चोळायचे, पेल्यात चार थेंब पाणी टाकायचे आणि फिरवायला लागायचे. घाई नाही, जोर नाही. ब्रशाची मूठ पेल्याच्या काठाला लागून टण् टण् वाजत राहायची, फेस वर चढत राहायचा, आणि शेवटी तो असा बसायचा की पेला उपडा केला तरी खाली पडू नये. आधी तुमचे गाल, मग उरलेला फेस माझ्या तोंडाला, तोही तुमच्याच हातानं. आईला हे बघवायचं नाही. जावई म्हणजे चौरंगावर बसवायचा माणूस, आणि तो मेहुण्याच्या तोंडाला साबण फासतोय! ती पदर ओढून आत निघून जायची. पण मला फेस करता येत नव्हता आणि तुम्हाला दुसऱ्यानं केलेला चालत नव्हता, तेव्हा आईचाही नाइलाज होता.

असं आपलं बरं चाललं होतं. पण राज्याचे तुकडे करायचे ठरले आणि तुमची-माझी नेमणूक नेमकी वाटणीच्या शाखेत झाली. वर्षभर आपण दुसरं केलं काय? हे कपाट आंध्राला, ते टेबल मुंबईला, हा टाइपरायटर म्हैसूरला. कुठलं सामान स्थावर आणि कुठलं जंगम, ह्यावर तुमच्याइतका अधिकारी माणूस अख्ख्या सचिवालयात नव्हता. माझा जन्म इथला म्हणून मला इथं ठेवलं, तुम्ही जालन्याचे म्हणून मुंबईच्या वाट्याला गेलात. (माणसं वाटताना स्थावर-जंगम कुणी बघितलं नाही.) आणि जायच्या आदल्या दिवशी, ट्रंका बांधता बांधता, आई सहज बोलून गेली की तो पेला जावयाबरोबर जाऊ द्या. मी म्हटलं, का म्हणून? बाबांचा पेला आहे. झालं! दुसऱ्या कुठल्या घरात भांडण झालं असतं. आपण पडलो वाटणी शाखेचे, आपण कायदा काढला. तुमचं म्हणणं, पेला हातानं उचलता येतो, सबब तो जंगम. माझं म्हणणं, पेला वर्षानुवर्षं एकाच कोनाड्यात बसलेला आहे, कोनाड्यातल्या फळीवर त्याचं वर्तुळ उमटलेलं आहे, सबब तो स्थावर. तुम्ही म्हणालात, असं असेल तर ब्रश फिरतो, तो जंगमच, तो मी नेतो. मी म्हटलं, खुशाल न्या. साबणाची वडी अक्कानं दोऱ्यानं कापून दोघांपुढं अर्धी अर्धी आपटली. आरसा खिळ्याला टांगलेला असल्यामुळं त्याच्यावर वाद झाला नाही.

तिथंच थांबायला हवं होतं. पण माझ्या तोंडून गेलं की पेल्यासारखा मामाही स्थावर आहे, तो इथून हलायचा नाही, जावळाचं तुमचं तुम्ही बघा. आणि तुम्ही ट्रंकेला कुलूप घालता घालता, मान वर न करता म्हणालात, 'मांड्या काय, औरंगाबादेतही मिळतात.' दुसऱ्या दिवशी काचीगुड्यापर्यंत आपण एकाच टांग्यात खांद्याला खांदा लावून गेलो, आणि दोघांनीही सगळा रस्ता घोड्याच्या पाठीकडं बघत काढला.

आता फेस. तुम्ही गेल्यावरच्या पहिल्या बुधवारी मी मोठ्या थाटात ओट्यावर बसलो. पेला माझा, आरसा माझा, साबण (अर्धा) माझा. राहिलं काय, तर एक ब्रश. आणि ब्रश म्हणजे तरी काय, केसांचं शेपूट. माणसाला देवानं दहा बोटं दिलीत ती कशाला, असा विचार करून मी पेला गरम पाण्यानं काठोकाठ भरला, त्यात वडी सोडली आणि हात घालून ढवळायला लागलो. पेल्यात साबणाची कढी तयार झाली. ती गालाला लावली की हनुवटीवरून कोपरापर्यंत ओघळायची आणि गाल पुन्हा कोरडाच. तरी मी पातं चालवलं, कारण कचेरीची वेळ झाली होती आणि माघार घ्यायची आपल्या घराण्यात पद्धत नाही. कचेरीत गेलो तो गालाला जागोजाग वर्तमानपत्राची चिटोरी चिकटवून. केशवराव साहेबांनी (आपली रजा-बिजा ज्यांच्या सहीनं मिळते तेच ते, अजून तसेच आहेत) चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, घरी मांजर पाळलंय का. मी हो म्हटलं. काय सांगणार, दाजी? माझ्या पेल्याचा ब्रश मुंबई राज्यात बदलून गेलाय म्हणून सांगू?

दोन महिने अशी कढी फासून काढल्यावर संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी डोकं चालवलं. घुसळल्याशिवाय फेस येत नाही हे तर उघड आहे, आणि घुसळायचं साधन आपल्या घरात कोणतं? रवी. भामा देवळात गेलेली, आई गुडघ्याला तेल चोळत आत बसलेली. मी ताकाची ती लहान रवी आणली, पेला पायांच्या तळव्यांमध्ये धरला आणि दोन्ही हातांनी फिरवायला सुरुवात केली. त्या दिवशी फेस आला, दाजी! खोटं सांगत नाही. पेल्यात आला, पेल्याबाहेर आला, ओट्यावरून पायरीवर गेला, आणि शेजारच्यांच्या कोंबडीनं त्यात चोच घालून बघितली. (कोंबडी जिवंत आहे. ती आता आपल्या ओट्याकडं फिरकत नाही.) फेस एवढा आला की वास्तविक अख्ख्या सचिवालयाची दाढी झाली असती, पण बुडबुडे असे फोल की गालाला लावेस्तोवर फुस्स! उरलेल्या पाण्यात दाढी उरकली, रवी माझ्या समजुतीप्रमाणं धुतली आणि जागच्या जागी टांगून ठेवली. तुमची समजूत आणि माझी समजूत यांच्यात फरक असतो हे तुम्ही नेहमी म्हणायचे. तो फरक संक्रांतीला दिसून आला.

संक्रांतीला केशवराव साहेब तिळगुळाला आले आणि आईनं त्यांना आग्रहानं जेवायलाच बसवून घेतलं. भामेनं ताजं ताक केलं. कशानं केलं हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. माझ्या ध्यानात आलं तेव्हा साहेबांचा पेला अर्धा झाला होता आणि त्यांच्या मिशीला पांढरा फेस लागला होता, असा फेस की जो मला अडीच महिने साधला नव्हता. मी हातातला घास परत पानात ठेवला. साहेबांनी डोळे मिटले, जीभ फिरवली आणि म्हणाले, 'वा अंबाजीराव, छाछ में गुलाब डालते क्या तुमे लोगाँ?' (साबण गुलाबाच्या वासाचा, तुमचीच निवड.) आणि आणखी एक पेला मागितला. भामा खुशीत. हैदराबादी खानदानी ताक म्हणून तिनं तोही काठोकाठ भरला. आईनं एक घोट घेतला, वर टांगलेल्या रवीकडं बघितलं आणि नंतर माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून रवी आईच्या उशाशी असते.

मग मी ठरवलं, होऊ द्या खर्च, नवा ब्रश घ्यायचा. कोठीत ब्रशांना तोटा नाही, प्रामाणिक ब्रशांना आहे. ज्या दुकानदारानं मला गाठलं तो शपथेवर म्हणाला, 'रेस के घोडे के बालाँ हैं साब, मर गए तो भी नै गिरते.' मी घेतला. घोडा खरोखर शर्यतीचाच असावा, कारण पाण्यात पडताक्षणी सगळे केस धावत सुटले. काही पेल्यात, काही गालावर, एक नाकात. मी पातं ओढतोय आणि ब्रश मागून नवे केस पेरत येतोय. भामा दारात उभी राहून बघत होती. तिनं विचारलं, 'दाढी काढताय का लावताय?' (तुमच्या सहवासात राहून ही पोरगी फार बोलायला लागली आहे.) शेवटी माझ्या हातात नुसती मूठ राहिली आणि दाढी पूर्वीपेक्षा दाट झाली.

कचेरीत माझं तोंड बघून अप्पारावांना दया आली. अप्पाराव म्हणजे कर्नूलहून बदलून आलेले हेडक्लार्क, राहतात तारनाक्याला, बसतात तुमच्या खुर्चीवर. (खुर्ची स्थावर ठरली होती, निकाल तुमच्याच हातचा.) मी त्यांच्यावर तुमच्या वतीनं राग धरायचा खूप प्रयत्न केला, पण माणूस वाईट निघेना. त्यांना दखनी येत नाही, मला तेलुगू कामापुरती येते. दोघांचं मिळून जी काही भाषा झाली तीत मी त्यांना माझं दुःख सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिशातून एक नळी काढून दिली. 'ब्रश वद्दंडी,' म्हणाले. म्हणजे ब्रश नकोच. पेला नको, वडी नको, घुसळणं नको. नळी दाबायची, पांढरं लोण्यासारखं बाहेर येतं, ते बोटानं गालाला लावायचं आणि पातं फिरवायचं. आणि तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगतो: दाढी अगदी झकास झाली. एक ओरखडा नाही. गाल कसे गुळगुळीत. आरशात बघून मी स्वतःलाच शाबास म्हटलं. म्हटलं, चला, फेसाचा प्रश्न मिटला, दाजींवाचून काही अडलं नाही.

तेवढ्यात आई आतून म्हणाली, 'आज दाढीचा वार ना रे? तू केली नाहीस? वाजलं नाही ते.'

मी नळी तशीच खाली ठेवली. तो आवाज मीही विसरलो होतो, का विसरायचं ठरवलं होतं कुणास ठाऊक. उमाजी जन्मला तेव्हापासून कसा रडका, हे तुम्हाला मी सांगायला नको. (बापावर गेला नाही एवढं बरं, बाप तोंडच उघडत नाही.) दृष्ट काढून झाली, घुटी देऊन झाली, भामेनं खुळखुळा आणला तो त्यानं फेकून दिला. आणि एका बुधवारी तुम्ही ओट्यावर पेल्यात ब्रश फिरवायला लागलात, टण् टण् सुरू झालं, आणि आत पोरगं एकदम गप्प. अक्का घाबरून बघायला गेली. ते कान देऊन ऐकत होतं. पुढं तर नेमच झाला. पेला वाजला की त्याला उचलून ओट्यावर आणायचं, माझ्या मांडीवर बसवायचं, आणि तुम्ही फेसाचा एक ठिपका त्याच्या नाकावर लावायचा. डोळे तिरके करून तो नाकाकडं बघायचा आणि खदखदून हसायचा. मी तोंडभर फेस घेऊन त्याला धरून बसायचो, मला हसायची सोय नसायची.

आता अक्का लिहिते की तिकडं तुम्ही आमटीच्या वाटीत ब्रश फिरवता. वाटी हातातून निसटते, फेस धरत नाही, आणि वाटीचा तो खडखडाट ऐकून उमाजी आणखी मोठ्यानं भोकाड पसरतो. तुमची दाढी म्हणे बैराग्यासारखी वाढली आहे. मला हे वाचून आनंद झाला असं लिहायचं ठरवून मी बसलो होतो. एवढं थोरलं मुंबई राज्य, त्याच्या पोटात अख्खी मुंबई, आणि तुम्हाला एक धड पेला मिळू नये? नसेल मिळत. आम्हाला तरी ब्रश कुठं मिळाला. खरं सांगू का, दाजी, घर सुनं झालंय. रविवार-बुधवार तर खायला उठतात. ओट्यावर बसलो की भानगडी सांगायला कुणी नाही, आणि नव्या राज्यात भानगडी तर अशा एक एक आहेत की तुम्ही असता तर फेस होऊन वाळून गेला असता तरी तुमची गोष्ट संपली नसती. (अक्का, हे एवढं मनात वाच. मोठ्यानं वाचू नकोस.)

नामदेवरावाविषयी मी काही बोलणार नव्हतो, पण काळजी म्हणून लिहितो. माणूस चांगला आहे. त्याला फक्त मिशीला पीळ भरायची सवय आहे, आणि त्यात त्याचा एक हात कायमचा गुंतलेला असतो. म्हणजे पोराला धरायला उरला एक. समोर न्हावी, न्हाव्याच्या हातात वस्तरा, आणि मांडीवर आपला उमाजी, जो परक्या माणसाला बघितलं की आधी पाठ ताठ करतो आणि मग डोकं इकडून तिकडं फिरवायला लागतो. ते कोवळं डोकं आणि तो वस्तरा डोळ्यांपुढं आला की मला घास जात नाही. आईलाही जात नाही. तिनं जावळासाठी कुंची शिवून ठेवली आहे, लाल, कडेला जरीची पट्टी लावलेली. रोज घडी मोडते, पुन्हा घालते आणि माझ्याकडं न बघता भिंतीला विचारते, ही तिकडं कोण नेणार? भिंत काही बोलत नाही. मीही बोलत नाही. आमच्या घरात आता भिंतीत आणि माझ्यात फार फरक राहिलेला नाही.

असो. विषय फेसाचा होता. सांगायचं तात्पर्य, पेला नुसता पेला असून चालत नाही. तेव्हा मेहुण्यावर दया करून ब्रश पार्सलानं पाठवून द्यावा. तो जंगम असल्याचं तुम्हीच सिद्ध केलेलं आहे, त्यामुळं त्याला प्रवास करायला हरकत नसावी. अक्काला नमस्कार, चि. उमाजीच्या नाकाला पापा. थोरल्यांनी धाकट्याचं उणंअधिक पोटात घालावं अशी रीत आहे. तुमचं पोट ह्या कामासाठी पुरेसं मोठं आहे.

आपला
(स्थावर) अंबाजी

ता. क. — ब्रश पाठवू नका. पार्सलात केस मोडतील. शिवाय पत्र टाकायचं राहिलं, आणि आज सोमवारी कचेरीत एक गंमत झाली. ते दोन पेले ताक पोटात गेल्यापासून केशवराव साहेबांचं पोट बिघडलेलं आहे आणि ते अजून घरीच आहेत. (गुलाबाचा दोष, दुसरं काय.) त्यांच्या जागी सही अप्पारावांची चालते. मी सहज, उगीच, बोलता बोलता त्यांना जावळाचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्याकडंही पोराचे पहिले केस मेनमामाच्या मांडीवरच काढतात. मेनमामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. चुलत चालतो का, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी नजर खाली घातली. मग ते म्हणाले, तुम्ही अजून इथं काय करताय? आणि मी मागायच्या आत रजा लिहून दिली. तुमच्या खुर्चीवर बसून दिली, दाजी. जे आंध्राला कळलं ते मुंबई राज्याला कळू नये, ह्याचं मला नवल वाटतं.

दुसरा ता. क. — नामदेवरावाला नाराज करू नका. त्याला पहिल्या पंगतीला मानानं बसवा, पानसुपारी त्याच्या हातानं वाटा, आणि मिशीला लागेल तेवढा वेळ द्या. भामेनं उमाजीसाठी अंगरखा-टोपी शिवून घेतली आहे. माप शेजारच्या पोराचं घेतलं. थोडी सैल झाली तर मोठ्या मनानं घ्या, पोरगं वाढतंच आहे. कुंची आईनं माझ्या ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली आहे आणि आता भिंतीशी बोलत नाही.

तिसरा ता. क. — पेला स्थावर आहे हे माझं मत कायम आहे, आणि तसं लेखी द्यायला मी केव्हाही तयार आहे. पण ट्रंकेत घातला तर चेपेल आणि मग वाजायचा नाही, म्हणून मी तो काचीगुड्यापासून मांडीवर घेऊन बसणार आहे. तुम्ही ब्रश भिजवून औरंगाबादच्या फलाटावर उभे राहा, उमाजीला कडेवर घेऊन. बोललं नाही तरी चालेल. गाडी थांबली की पेला माझ्या मांडीवरून उचला. ती जागा भाच्याची आहे.